लाल रंगातली माणसं

"पुन्हा लाव," बेहेरे सर म्हणाले.

मी पुन्हा लावलं. कुडाळच्या आमच्या छोट्या ऑफिसात पंख्याच्या घरघरीला न जुमानता एका बाईचा आवाज खणखणला.

"शिरां पडो तुमच्या तोंडार! येवन फोटो काढून गेल्यात ते गेल्यात, मगे तोंड दाखवूक नाय! आणि आता फोन करून इचारतास, कशी आसंय म्हणान?"

सरांनी हात वर केला. मी आवाज बंद केला. फोन आठ दिवसांपूर्वीचा होता आणि समोरच्या पडद्यावर त्या बाईच्या नावापुढे लाल चौकोन उमटला होता. भागीरथी गिरप, वेंगुर्ला. लाल म्हणजे संतप्त. याआधीच्या फोनलाही ती लालच होती. आमच्या नियमाप्रमाणे दोनदा लाल झालेल्या माणसाचं नाव फोनच्या यादीतून आपोआप निघून जायचं. तसं ते गेलंही होतं.

"बघ," सर समाधानानं म्हणाले, "मशीनला मालवणी येत नाही असं तू म्हणत होतीस. राग बरोबर ओळखला की नाही?"

मला हसू येत होतं आणि ते दाबताना मी खाली बघत होते. मी मूळची शिरोड्याची. असल्या आवाजांच्या गराड्यातच लहानाची मोठी झालेली. आमच्याकडे बाई शेजारणीला हाक मारते तीही अशीच, आणि जेवायला बसवते तीही अशीच. मी सरांना सांगायचा प्रयत्न केला, की हा राग असेलही, पण तुम्ही समजता तसला नाही. ते मान हलवून म्हणाले, शिवी ही शिवी असते, प्रणिता.

तेव्हा मी पुण्याहून संगणकाचं शिक्षण आणि दोन वर्षांची नोकरी करून गावाकडे परतले होते, ती याच प्रकल्पासाठी. आमची एक गाडी गावोगाव फिरायची. मधुमेह असलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायची. त्या फोटोत डोळा म्हणजे नारिंगी रंगाचा एक गोळा दिसतो, आणि त्यात तांबड्या रेषा, उंचावरून नद्या दिसाव्यात तशा. साखरेनं त्या नद्यांची वाट लावायला घेतली असेल तर आमचं पहिलं मशीन काही क्षणांत सांगायचं. माणसाला स्वतःला बरेचदा काहीच जाणवत नसायचं. चांगलं दिसतंय, मग दवाखान्यात कशाला जायचं, असं म्हणून लोक घरी बसायचे आणि एके दिवशी अंधार व्हायचा.

म्हणून दुसरं मशीन. ते फोटो काढलेल्यांना फोन करायचं, कसे आहात, तपासणीला येणार का, असं विचारायचं आणि उत्तर परवानगीनं ध्वनिमुद्रित करायचं. मग त्या बोलण्याचा मजकूर करून माणूस खूश आहे, नाराज आहे की मधलाच, हे ठरवायचं. हिरवा, पिवळा, लाल. हे मशीन एका बाहेरच्या कंपनीकडून घेतलेलं होतं. मोठ्या शहरांतल्या ग्राहकांच्या तक्रारींवर ते शिकलं होतं. ते चालवायचं काम माझ्याकडे होतं.

बेहेरे सर वाईट माणूस नव्हते, हे इथंच सांगायला हवं. पूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात त्यांनी असाच प्रकल्प उभा केला होता. फोनचा छळ होतो अशी ओरड झाली, वर्तमानपत्रात आलं आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. त्या धक्क्यातून सावरून त्यांनी हे सगळं नव्यानं मांडलं होतं. लोकांना त्रास होता कामा नये, हे त्यांचं व्रतच झालं होतं. त्यातून दोनेक महिन्यांत मुंबईहून समिती येणार होती. तिनं मान्यता दिली की प्रकल्प सगळ्या कोकणात आणि पुढे राज्यभर जाणार होता.

सर जेवायला गेले. मी कानाला हेडफोन लावले आणि भागीरथीबाईंचं बोलणं सरांनी थांबवलं तिथून पुढे ऐकायला लागले. खरं सांगायचं तर करमणूक म्हणूनच. चांगली रसरशीत मालवणी पुष्कळ दिवसांत कानावर पडली नव्हती.

पुढे आणखी दोन शिव्या होत्या. आणि मग ती म्हणाली, "उजव्या डोळ्यात कोळिष्टकां लोंबतत माज्या. ती काय तुजो बापूस येवन काढतलो?"

मी हसले आणि हसता हसता थांबले. मजकूर उघडून बघितला. मशीननं तिथं 'कोळी इष्ट काम' असं काहीतरी लिहिलं होतं आणि पुढचा बाप तेवढा नीट ओळखून वाक्याला भडक लाल रंग दिला होता.

डॉक्टर सोलकर खालच्या मजल्यावर बसायच्या. शबनम सोलकर, रत्नागिरीकडच्या. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणून त्यांचं नाव मोठं होतं आणि जीभ तिखट. पहिलं मशीन आलं तेव्हा त्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली होती. मग हट्टानं महिनाभर एकेक फोटो आधी स्वतः तपासून मशीनशी ताडून बघितला होता आणि त्यानंतर टिंगल बंद केली होती. मी धावत खाली गेले आणि विचारलं, डोळ्यासमोर कोळिष्टकं दिसणं म्हणजे काय?

त्या एका पेशंटच्या डोळ्यात औषध घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "कुणाला दिसतात?"

मी नाव सांगितलं. त्यांनी बाटली खाली ठेवली, हात पुसले आणि संगणकावर तिचा फोटो उघडला. दोन्ही डोळ्यांना पहिल्या मशीननं तातडीचा शेरा मारलेला होता. त्यांनी मला बोटानं दाखवलं. मुख्य रेषांच्या आसपास केसांसारख्या बारीक, वेड्यावाकड्या नव्या रेषा फुटल्या होत्या. या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात, त्या म्हणाल्या. फोटो काढला तेव्हा त्या फुटायच्या बेतात होत्या. आता बाईला कोळिष्टकं दिसतायत, म्हणजे उजव्या डोळ्यात रक्त उतरायला लागलंय. डावा त्याच वाटेवर आहे.

"ही आली का नाही अजून?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, की तिला आता फोनच जाणार नाही. मशीननं तिला काढून टाकलंय.

एक मशीन ओरडून सांगत होतं की या बाईला ताबडतोब आणा. आणि वरच्या मजल्यावरचं दुसरं मशीन म्हणत होतं की तिच्या वाटेला जाऊ नका. दोघांची गाठ कुणी घालून दिलेली नव्हती.

आम्ही दोघी सरांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नियम मोडायला नकार दिला. म्हणाले, त्या बाईंनी दोनदा सांगितलंय की फोन करू नका. आता माणूस दारात पाठवला आणि त्यांनी तक्रार केली तर समितीपुढे मी काय उत्तर देऊ? पन्नास गावांचं काम एका घरापायी बुडवू?

"तिनं फोन करू नका असं कुठं म्हटलंय?" डॉक्टर म्हणाल्या. "तिनं लक्षण सांगितलंय. माझ्या ओपीडीत लोक सांगतात त्याहून चांगलं सांगितलंय."

"मशीनच्या मजकुरात तसं काही नाही, डॉक्टर."

"मग मी मशीनच्या वतीनं जात नाही. डॉक्टर म्हणून जाते. मला त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही."

सरांनी आम्हाला अडवलं नाही, पण त्यांचा चेहरा उतरला होता. आपलं घर दुसऱ्यांदा कोसळताना बघणाऱ्या माणसासारखे ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला त्यांची कीव आली आणि भीतीही वाटली. कारण माझाच कान चुकला असेल तर त्यांचं म्हणणं खरं ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या गाडीनं आम्ही वेंगुर्ल्याला गेलो. बंदरावरच्या मासळीबाजारात नुकत्याच टोपल्या उतरल्या होत्या. भागीरथीबाई शोधायला वेळ लागला नाही, आवाजावरूनच सापडल्या. साठीची, काटक, हिरवं लुगडं घट्ट नेसलेली बाई. पुढ्यात बांगड्यांचा ढीग. गिऱ्हाइकाकडे बघताना ती मान उजवीकडे वळवत होती, डाव्या डोळ्यासमोर माणूस यावा म्हणून. डॉक्टरांनी ते लांबूनच टिपलं आणि माझा हात दाबला.

मी पुढे होऊन शुद्ध मराठीत सांगितलं, की आम्ही कुडाळहून आलोय, तुमच्या डोळ्यांचा फोटो काढला होता ना, त्या संदर्भात.

बाईनं कोयता खाली ठेवला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आणि सुरू झाली. आमच्या गाडीचा, आमच्या फोनचा, आमच्या खानदानाचा उद्धार झाला. आजूबाजूच्या बायका हातातली कामं टाकून ऐकायला लागल्या. डॉक्टर रत्नागिरीच्या असल्या तरी दोन पावलं मागे सरकल्या. मी उभी राहिले. एवढ्या सगळ्या माऱ्यात मी एका गोष्टीची वाट बघत होते. ती म्हणते का, की निघा इथून.

ती तसं म्हणाली नाही. दम घ्यायला थांबली आणि तिचा आवाज एकदम खाली आला.

"परत फोन कित्याक करूक नाय गो तुमी? मी रोज वाट बगतंय. दोनदा सांगलंय, डोळ्यात कायतरी जाता म्हणान. मगे फोनच बंद. माका वाटला, ही भागी जगली काय नि मेली काय, कोणाक काय पडलेला नाय."

माझ्या तोंडातून शुद्ध मराठी पळाली. मी मालवणीत म्हटलं, "काकी, तुजा सांगणा आमका कळूकच नाय. आता कळला, म्हणान धावत इलंव."

"तू खंयची गो?"

मी शिरोड्याची, आरोलकरांची, असं सांगितलं.

"मगे मगासपासून ती पुण्याची भाषा कित्याक बोलतंस, मेले?" असं म्हणून भागीकाकीनं शेजारणीला आपली टोपली सांभाळायला सांगितली, हात धुतले, पदर खोचला आणि आमच्या पुढे होऊन गाडीची वाट धरली. कुठे जायचं, किती वेळ लागेल, काय करणार, एक अक्षर विचारलं नाही. कुडाळपर्यंत डॉक्टरांच्या नव्या गाडीत बांगड्याचा वास दरवळत होता आणि डॉक्टर काचा खाली न करता गुणगुणत गाडी चालवत होत्या.

उजव्या डोळ्यात रक्त साचलं होतं. डाव्यात अजून नव्हतं, पण कधीही उतरलं असतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी डाव्या डोळ्याला लेझर दिलं आणि उजव्यासाठी इंजेक्शनचा बेत आखला. खोलीबाहेर येऊन त्यांनी मास्क काढला. डावा वाचला, म्हणाल्या. उजव्याचंही मला बरं लक्षण दिसतंय. एवढं सांगून त्या क्षणभर भिंतीला टेकल्या आणि मग मला म्हणाल्या, "लाल रंगात अशी आणखी किती माणसं आहेत?"

तो प्रश्न घेऊन मी वर गेले आणि हेडफोन लावून बसले.

पुढचे कितीतरी दिवस मी दुसरं काही केलं नाही. लाल झालेला प्रत्येक आवाज शेवटपर्यंत ऐकला. त्यात खरोखर संतापलेले, आम्ही नकोच असलेले, मोजके होते. ते फार बोलतच नव्हते, दोन शब्दांत फोन ठेवत होते. बाकीचे सगळे भांडत होते. औषधानं पोटात आग पडते म्हणून भांडत होते, एसटी वेळेवर नाही म्हणून भांडत होते, मुलगा मुंबईहून येत नाही याचाही राग आमच्या मशीनवर काढत होते. आणि भांडता भांडता आपल्या डोळ्याचं सगळं सांगत होते.

मग मी हिरवे आवाज ऐकायला घेतले. तिथं सगळं गोड होतं. हो, बरां आसा, बगुया, येवया, आभारी आहे. मी सहज म्हणून आधीच्या शिबिरांना कोण आलं होतं ते ताडून बघितलं आणि खुर्चीत ताठ बसले. एकदाच लाल होऊन यादीत राहिलेले, भांडणारे बहुतेक जण शिबिराला आले होते. गोड बोलणाऱ्यांपैकी निम्मेही फिरकले नव्हते.

हे मी सरांपुढे मांडलं. त्यांनी दोन-दोनदा आकडे तपासले. मग चार-पाच आवाज स्वतः ऐकले, अगदी शेवटपर्यंत, मी अर्थ सांगत असताना. एका म्हाताऱ्यानं यमाच्या नावानं शिव्या देत सांगितलं होतं, की माझी दृष्टी जायच्या आत नातवाचं लग्न बघायचं आहे. ते ऐकून सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मला वाटलं, आता म्हणतील, समिती येऊन जाऊ दे, मग बघू. प्रकल्प बुडायची भीती त्यांना होती, आणि ती खोटी नव्हती.

ते म्हणाले, "समितीपुढे हेच ठेवायचं. पण तोंडी नाही. मशीननं करून दाखवलं पाहिजे. तुला जमेल?"

मी हो म्हणाले. जमेल की नाही हे मलाही माहीत नव्हतं.

मी खूश आणि नाराज हे रंगच काढून टाकले आणि भांडणाऱ्यांची नावं पुन्हा फोनच्या यादीत घातली. त्यांच्या जागी मशीनला तीन गोष्टी शिकवायच्या ठरवल्या. हा माणूस येणार आहे का? याला भीती वाटते का? आणि शरीराचं काही सांगतोय का? शिकवायचं तर कुणीतरी आधी आवाज ऐकून खुणा करायला हव्यात. ज्यांनी परवानगी दिली त्यांचे आवाज नावगाव काढून घेतले आणि वेंगुर्ल्याच्या कॉलेजातल्या एका वर्गात आम्ही दुपारी जमायला लागलो. कॉलेजची मुलं, दोन निवृत्त शिक्षिका, बाजारातल्या काही बायका. एका डोळ्यावर पट्टी बांधून भागीकाकी पहिल्या बाकावर. प्रत्येक आवाजावर वादावादी व्हायची. 'बगुया' म्हणजे हो की नाही, यावर तर एक अख्खी दुपार गेली. शेवटी असं ठरलं, की म्हणणारा थांबून म्हणाला तर नाही, आणि घाईनं म्हणाला तर कदाचित. मी ते थांबणंही मशीनला शिकवलं. आधी ते फक्त शब्द बघत होतं, आता श्वासही ऐकायला लागलं. त्या वर्गात आम्ही इतके हसलो, की शेजारच्या वर्गाचे प्राध्यापक दोनदा येऊन रागावून गेले आणि तिसऱ्यांदा येऊन बसले.

समिती आली ती मोठ्या शिबिराच्या दिवशीच. सरांनीच मुद्दाम तसं जमवलं होतं. अध्यक्ष होते डॉक्टर कारखानीस, उंच, शिडशिडीत, कमी बोलणारे. सरांनी त्यांना एका पडद्यावर जुन्या मशीनचं भाकीत दाखवलं आणि दुसऱ्यावर नव्याचं. दोन्ही भाकितं आदल्या दिवशीच कुलूपबंद करून ठेवलेली, नंतर बदलता येऊ नयेत अशी. जुनं म्हणत होतं गोड बोलणारे येतील. नवं म्हणत होतं भांडणारे येतील. आमच्या चुकांचा पाढा सरांनी स्वतःच्या तोंडानं वाचला. कंपनीला दोष दिला नाही, मला पुढे केलं नाही. नियम माझा होता, एवढंच म्हणाले.

नऊच्या सुमाराला पहिली एसटी आली आणि आवारात कल्लोळ सुरू झाला. पाणी कुठं आहे, रांग कुणी लावली, पंखा का नाही, डॉक्टर किती वेळ लावणार. मला ते आवाज ओळखू येत होते. महिनाभर माझ्या कानात राहिलेली माणसं एकेक करून देहानिशी समोर येत होती. यमाला शिव्या देणारे आजोबा नातवाचा हात धरून आले. कारखानीस दारात उभे राहून कधी माणसांकडे, कधी पडद्याकडे बघत होते. दुपार व्हायच्या आत नव्या मशीननं येणार म्हणून सांगितलेली बहुतेक माणसं हजर होती. गोड बोलणाऱ्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

कारखानिसांनी चष्मा पुसला.

"मान्य," ते म्हणाले. "तुमचं मशीन ओळखतं. पण जे येणार नाहीत असं ते म्हणतं ते खरंच आले नाहीत. त्यांच्यातही खराब डोळे असतील. त्यांचं काय? ते आंधळे होणार, हे आधी कळून उपयोग काय?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, गाडी सकाळीच त्यांच्याकडे गेली आहे. ज्यांचा फोटो खराब आहे आणि आवाज नाही म्हणतोय, त्यांच्या दारात."

"आणि ते गाडीत बसतील?"

गाडीत ड्रायव्हर होता, एक नर्स होती आणि पट्टी निघालेल्या डोळ्यांनी भागीकाकी होती. ती स्वतःहून गेली होती. तुमची ती गोड बोलणारी माणसं तुमच्यानं हलायची नाहीत, असं म्हणून.

आम्ही वाट बघत राहिलो. समितीनं चहा घेतला. सर आवाराच्या फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. डॉक्टर सोलकर मात्र आत एकामागून एक डोळे तपासत होत्या. दोघांना त्यांनी त्याच दिवशीच्या लेझरसाठी बाजूला बसवलं होतं.

गाडीच्या आधी आवाज आला. "उतर रे मेल्या, काय लग्नाक इलंस काय हळूहळू उतरूक?" मग दार सरकलं आणि आतून माणसं बाहेर यायला लागली. गाडी गच्च भरली होती. दोन बायका तर एकमेकींच्या मांडीवर बसून आल्या होत्या. सगळी कशी चूप, संकोचलेली, कपडे नीटनेटके करत उतरणारी माणसं. काकी मागून त्यांना हाकत होती. सर फाटकातच उभे होते, त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

सगळ्यात शेवटी उतरले ते तुळसकर गुरुजी. गावच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. पांढराशुभ्र सदरा, हातात छत्री. त्यांना आमचे पाच-सहा फोन गेले होते आणि प्रत्येक वेळी त्यांनी आभार मानून, जरूर येतो असं सांगितलं होतं. जुन्या मशीनच्या मते त्यांच्याइतका खूश माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता. नव्यानं त्यांच्यापुढे एकच शब्द लिहिला होता, भीती.

कारखानीस त्यांच्यापाशी गेले आणि नमस्कार करून विचारलं, की तुम्ही दर वेळी येतो म्हणालात, मग आजवर आला का नाहीत?

गुरुजी छत्रीच्या मुठीवर हात चोळत राहिले.

"मी येणार नव्हतोच," ते म्हणाले. "माझे थोरले बंधू डोळे तपासायला म्हणून गेले आणि परत आले ते पट्टी बांधून. त्यानंतर त्यांना दिसलं नाही. नाही म्हणवत नव्हतं, म्हणून हो म्हणत होतो. फोन करणाऱ्याला वाईट वाटू नये."

फोन करणारं मशीन होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. कारखानीस मागे वळून पडद्यावरच्या त्या एका शब्दाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि आपल्या सहकाऱ्यांना बाजूला घेतलं. प्रकल्पाला तिथल्या तिथं मान्यता मिळाली, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. पुढच्या वर्षांत तो कुठं कुठं गेला, अहिराणी, वऱ्हाडी, आगरी बोलणाऱ्या माणसांत आम्ही कसे वर्ग भरवले, ती मोठी हकिगत आहे. पण त्या क्षणी माझं लक्ष मान्यतेकडे नव्हतं. गुरुजी डॉक्टरांच्या अंधाऱ्या खोलीत गेले होते आणि मी दाराशी उभी होते.

डॉक्टरांनी दोन्ही डोळे बराच वेळ बघितले. गुरुजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. शेवटी डॉक्टरांनी दिवा बाजूला केला.

"गुरुजी, तुमच्या भावाला फार उशीर झाला असणार," त्या म्हणाल्या. "तुम्हाला झालेला नाही. तुमचे दोन्ही डोळे राहतील."

गुरुजींनी खिशातून रुमाल काढला, चेहरा पुसला, घडी करून परत ठेवला. आणि मग तो मृदू, अदबशीर माणूस एकदम खुर्चीतून उठला.

"मग इतके दिवस झोपला होतात काय तुम्ही?" ते गरजले. "माणूस पाठवता येत नव्हता? फोन कसले करता? मी हो म्हटलं म्हणून तुम्ही विश्वास ठेवलात? अक्कल आहे की नाही?"

आवाज पार बाहेर आवारापर्यंत गेला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बेहेरे सर धावत आले. दारात माझ्याशेजारी थांबून त्यांनी गुरुजींचं सगळं बोलणं अगदी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग आत गेले आणि हात जोडून म्हणाले, "बोला गुरुजी. अजून बोला."